कथा ऐकलीत, त्याची पोच द्या

लोअर परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्या परिसरात काचेचे मनोरे उभे राहिले. देशातल्या मोठ्या दूरचित्रवाहिन्यांचा कारभार त्यांतल्या काही मनोऱ्यांतून चालतो. लालबाग-परळच्या चाळींतून, गिरगावातून, दादरच्या तालमींतून एकांकिका करत वर आलेली मुले तिथे आपली कॉन्सेप्ट नोट घेऊन जातात. नॅरेशन होते, चार माणसे मन लावून ऐकतात, ‘मेल करून ठेवा, कळवतो’ असे सांगतात. पुढे कित्येक महिने कोणीच काही कळवत नाही. मग एका रात्री त्याच वाहिनीवर तशाच कथेचा प्रोमो झळकतो आणि लेखकाच्या पोटात गोळा येतो.

तो दाद मागायला गेला की उत्तर ठरलेले असते: कल्पनेवर कोणाची मालकी नसते. हे खरे आहे, पण अर्धेच. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाने आपले नाटक एका निर्मात्याला वाचून दाखवले होते. १९५६ साली त्या निर्मात्याचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला. लेखक न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. विषय सर्वांचा असतो, कॉपीराइट मिळतो तो मांडणीला, असे त्या निकालाने पक्के केले. वाहिन्यांचे वकील आजही तोच निकाल पुढे करतात.

उरलेले अर्धे सत्य याच शहरातल्या उच्च न्यायालयाने सांगितले आहे. ‘सनडायल कम्युनिकेशन्स’ या निर्मिती संस्थेने बाळकृष्णाला आजच्या कुटुंबात आणणाऱ्या मालिकेची संकल्पना ‘झी’कडे मांडली होती. पुढे ‘झी’ची ‘कन्हैया’ येऊ घातली आणि प्रकरण न्यायालयात गेले. कृष्ण सर्वांचाच आहे, यात वाद नव्हता. प्रश्न होता तो विश्वासाने सांगितलेल्या, पात्रे आणि कथानकासह फुलवलेल्या संकल्पनेचा. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सनडायलच्या बाजूने दिलेली मनाई कायम ठेवली. कॉपीराइट एक आणि विश्वासभंग दुसरा, ही त्या निकालाची शिकवण. लंडनच्या न्यायालयानेही १९८३ मध्ये तीन अभिनेत्रींना थेम्स टेलिव्हिजनविरुद्ध याच तत्त्वावर न्याय दिला. त्यांची कल्पना तर नुसती तोंडी सांगितलेली होती.

मग एकटा लेखक का हरतो? ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाच्या वेळी एका तरुण चित्रकर्मीने आपली पटकथा वापरल्याचा दावा केला. २०२१ मध्ये न्यायालयाने चित्रपट रोखायला नकार दिला. गोपनीय म्हणून नेमके काय सांगितले होते, हे काटेकोरपणे दाखवावे लागते. झोंबी ही काही कोणा एकाची कल्पना नव्हे. हा निकाल आम्हाला योग्य वाटतो. एकच गोष्ट दोघांना सुचू शकते, आणि प्रत्येक साम्याला चोरी म्हटले तर या शहरात कोणी चित्रपटच काढू शकणार नाही. पण याच निकालातून हेही दिसते की सगळे ओझे पुराव्यावर येऊन पडते, आणि पुरावा तयार होतो तो त्या बैठकीच्या खोलीत, जिथे सारी सत्ता एकाच बाजूला असते.

सनडायल ही संस्था होती, तिला वकील करता आला. एकटा स्वतंत्र दिग्दर्शक भाड्याच्या खोलीत राहतो आणि पुढचे काम त्याच वाहिनीकडे मागायचे असते. त्याने दावा लावायचा म्हणजे आपल्याच हाताने दार बंद करायचे. त्यात भर म्हणून कथा ऐकण्याआधी त्याच्यापुढे ‘रिलीज’चा कागद सरकवला जातो: आमच्याकडे अशाच विषयावर आधीपासून काम सुरू असू शकते, तक्रार करणार नाही, असे लिहून द्या. काम सुरू असेलही. मग त्याची तारीख वाहिनीनेही लिहून द्यावी. एकाच बाजूने सही घेणे हा अन्याय आहे आणि तो सर्रास चालतो.

आमची मागणी छोटी आहे. नॅरेशन झाले की त्याच दिवशी पोच मिळावी: कोणी ऐकले, काय ऐकले, कोणती नोट कोणत्या तारखेला घेतली. नकार द्यायचा तर ठरलेल्या मुदतीत, लेखी. तसाच विषय हाताशी असेल तर ते लेखकाला कथा ऐकण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे. यासाठी नवा कायदा नको, सरकारी समिती नको. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे कथा नोंदवता येते, मराठी लेखकांची ‘मानाचि’ संघटना आहे. या दोन्ही संघटनांनी मिळून एका पानाचा नमुना तयार करावा आणि मराठी वाहिन्यांच्या प्रमुखांपुढे ठेवावा. सही कोणी केली आणि कोणी टाळली, ते आम्ही याच पानावर नावानिशी छापू.