मधल्या वर्षाचं दार

मैत्रिणींनो, जून महिना लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच विषय असतो, ॲडमिशन! बारावीचे मार्क, सीईटीचा स्कोअर, कुठल्या कॉलेजचा फॉर्म भरायचा. पण अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या आया एक वेगळाच प्रश्न विचारू लागल्या आहेत. "ताई, पोरीचं फर्स्ट इयर इथं झालं, मार्क झकास पडले. आता सेकंड इयरला पुण्याला घालता येईल का?"

हा प्रश्न आमच्या वेळी कुणाच्या मनातही आला नसता. बारावीनंतर जिथं नाव घातलं तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडायचं, हा नियमच होता जणू. मग आता हे बळ कुठून आलं? तर नव्या शैक्षणिक धोरणातून. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांमध्ये ते २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात वर्षाचा अभ्यास 'क्रेडिट'मध्ये, म्हणजे श्रेयांकात मोजतात. पहिल्या वर्षाचे साधारण ४० ते ४४ श्रेयांक. ते साठवायला २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. आपल्या बचत गटाचं पासबुक असतं ना, तसंच हे. मुलीनं जे कमावलं ते तिच्या खात्यावर जमा, आणि सात वर्षांपर्यंत ते कामी येतं.

झालं! पासबुक घ्यायचं आणि दुसऱ्या शाखेत जायचं, असं सगळ्यांना वाटलं. धोरणाच्या भाषणांमध्ये सांगितलंही तसंच. पण बायांनो, श्रेयांक गावाला नेता येतात, कॉलेजातली जागा नेता येत नाही. पुण्याच्या नामांकित कॉलेजात सेकंड इयरला बसायचं तर तिथली कुणीतरी मुलगी कॉलेज सोडून जायला हवी. ती गेली की एक जागा रिकामी. ती जागा रिकामी आहे हे परतूरच्या किंवा मंठ्याच्या पोरीला कळणार कसं? त्याची ना जाहिरात, ना यादी, ना तारीख. ज्याची ओळख त्याला कळतं, बाकीचे हेलपाटे घालतात.

आणि जागा मिळाली तरी पुढं कागदांची रांग आहेच. आपली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, पुण्याची सावित्रीबाई फुले विद्यापीठाची. विद्यापीठ बदललं की इथली टी.सी., विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि तिकडची पात्रता, हे सगळं आलं. शिवाय विषय जुळायला हवेत. इथं मेजर इतिहास, मायनर हिंदी घेतलं आणि तिकडे ती जोडीच नसेल तर? एका मुलीनं तर जागा पक्की व्हायच्या आधीच उत्साहाच्या भरात टी.सी. काढून आणली होती. तिकडे नकार आला, आणि इकडे परत नाव घालून घ्यायला तिच्या वडिलांना चार चकरा माराव्या लागल्या. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, समोरच्या कॉलेजनं लेखी दिल्याशिवाय टी.सी.ला हात लावायचा नाही.

अमेरिकेत हा प्रकार फार जुना आणि अगदी उघड आहे. बराक ओबामा आधी लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल या छोट्या कॉलेजात दोन वर्षं शिकले आणि १९८१ मध्ये बदली घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं मोठमोठी विद्यापीठं मधल्या वर्षाच्या प्रवेशाचा वेगळा अर्जच ठेवतात. कॉलेजात काय केलंस ते बघतात, शाळेचे मार्कच धरून बसत नाहीत.

आपल्याकडे असं काहीच नाही का? आहे की! फक्त ते इंजिनिअरिंगला आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या मुलांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. राज्याचा सीईटी सेल त्याची वेगळी प्रवेश फेरी घेतो. डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागते, सीईटी द्यावी लागत नाही, कुठल्या कॉलेजात किती जागा हे सगळ्यांसमोर असतं. जालन्याच्या किंवा अंबडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकलेली मुलगी त्याच यादीतून पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला जाऊ शकते. बी.एस्सी. झालेल्या मुलीलाही, बारावीला गणित असेल तर, या फेरीत अर्ज करता येतो. हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं! दहावीला जरा कमी मार्क पडले की "डिप्लोमाला घाला, तेवढंच" असं आपण खालच्या आवाजात म्हणतो. पण राज्यातल्या मोठ्या कॉलेजांचं मागचं दार नव्हे, तर चांगलं रुंद, पाटी लावलेलं दार तिथूनच उघडतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, जे इंजिनिअरिंगला जमतं ते बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला का जमू नये? दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक विद्यापीठानं दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांची यादी लावावी, पहिल्या वर्षाच्या मार्कांवर मेरिट काढावी, आरक्षण पाळावं. श्रेयांकांची बँक काढली, पण पैसे काढायची खिडकीच ठेवली नाही, अशी आजची गत आहे. आणि याचा फटका आपल्याच मुलींना जास्त बसतो. मुलगा असेल तर बाप चार दिवस पुण्यात राहून चौकशी करतो. मुलीसाठी "कशाला एवढं, इथं चाललंय ना बरं" म्हणून विषय संपतो. त्यात एकोणीसावं वर्ष म्हणजे स्थळं यायची वेळ. बारावीनंतर बाहेर पाठवायला तयार झालेलं घर वर्षभरानं तयार असेलच असं नाही.

फी हे कारण मात्र आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाची अट आठ लाखांची. एक मेख आहे, प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. एजंट "सीट करून देतो" म्हणाला की तिथंच सावध व्हा. राहण्या-जेवणाचा खर्च मोठा आहेच. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींनी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

ज्यांना मधल्या वर्षी जमलं नाही त्यांनी पदवी इथंच पूर्ण करून एम.ए., एम.एस्सी.ला बाहेर पडावं, हा मला तरी जास्त भरवशाचा रस्ता वाटतो. दिल्लीचं जेएनयू किंवा हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ सीईटीसारखीच एक परीक्षा घेऊन प्रवेश देतात, सीयूईटी-पीजी तिचं नाव. त्यात बारावीला किती पडले होते हे कुणी विचारत नाही. हैदराबाद तर आपल्याला परकंही नाही. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत इकडची मुलं उस्मानियाच्याच पदव्या घेत होती.

आणखी एक, हे खास लग्न झालेल्या पोरींसाठी. २०२४-२५ नंतर पहिलं वर्ष पास होऊन लग्नामुळे ज्यांचं कॉलेज सुटलं त्यांचे श्रेयांक वाया गेलेले नाहीत. आधी त्यांची अपार आयडी निघाली आहे का, डिजिलॉकरमध्ये श्रेयांक दिसतात का, हे मोबाईलवर बघा. दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन चढवून घ्या. सासर सिल्लोडला असो की सेलूला, तिथल्या कॉलेजात विचारायला जाताना ते हातात असलेले बरे.