विश्लेषण : पहिला गेमिंग पीसी जोडताय? 'आय-सेव्हन' नंतर बघा, एसएमपीएस आधी!

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एक वाटाघाट सुरू होते. मुलाला किंवा मुलीला गेमिंग पीसी हवा असतो, आई-वडिलांच्या मनात अभ्यासाचा संगणक असतो आणि पैसे मात्र एकदाच मिळणार असतात. अखेर साठ-सत्तर हजारांवर तडजोड होते आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तापकीर गल्ली गाठली जाते. सुटे भाग निवडून जोडलेला संगणक त्याच पैशांतल्या तयार संगणकापेक्षा चांगला मिळू शकतो, यात वाद नाही. पण तो तसा मिळणार की नाही, हे दुकानात पाऊल टाकण्याआधीच ठरलेले असते. आपल्याकडे पैसे नावावर आणि रंगीत दिव्यांवर जातात. जो भाग डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. हा क्रम उलटा करायला हवा.

'आय-सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक' यात वाईट काय?

काचेचे कॅबिनेट, चमकणारे पंखे आणि वर ही तीन विशेषणे लावलेला स्वस्त 'गेमिंग पीसी' दुकानांतही दिसतो आणि ऑनलाइनही. यातले एकही विशेषण खोटे नसते. फक्त आय-सेव्हन कोणत्या पिढीचा, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते. अनेकदा तो आय-सेव्हन ३७७० असतो, म्हणजे २०१२ सालचा. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण त्यातला प्रत्येक कोअर कितीतरी वेगाने काम करतो. म्हणजे इथे 'थ्री' हा 'सेव्हन'ला आरामात मागे टाकतो. तीन, पाच, सात हे आकडे एकाच वर्षाच्या वर्गातले क्रमांक आहेत. दहा वर्षांच्या अंतराने त्यांची तुलना होत नाही.

खरी अडचण नंतर येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत; ३७७० हा तिसऱ्या पिढीचा. आडवाटेने विंडोज ११ चढवताही येते, पण तिथे व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर सुरूच होत नाही. ज्या गेमसाठी सगळा खटाटोप केला, तोच दारात अडतो.

'४ जीबी ग्राफिक' ही तशीच गंमत. ते कार्ड बहुधा जीटी ७३० निघते, २०१४ चे. ४ जीबी हा गोदामाचा आकार झाला. माल उचलणारे हमाल किती आणि त्यांचा वेग काय, हे त्यातून कळत नाही. या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. ऑफिसच्या कामाला ते चालेल, पण त्याला गेमिंग कार्ड म्हणणे ही ग्राहकाची फसवणूकच आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

मॉनिटरपासून. हे विचित्र वाटेल, कारण मॉनिटर आपण सगळ्यात शेवटी आणि उरलेल्या पैशांत घेतो. पण कार्डावर किती भार पडणार, हे स्क्रीनच ठरवते. १९२० गुणिले १०८०, म्हणजे साध्या फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर ते ३६.९ लाख होतात आणि फोर-केवर ८२.९ लाख. इतके ठिपके सेकंदाला ६० वेळा किंवा १४४ वेळा नव्याने रंगवायचे असतात. फोर-के मॉनिटर घेऊन मधल्या फळीचे कार्ड लावणे म्हणजे त्याच कार्डाला चौपट काम सांगणे. उलट, ६० हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला महागडे कार्ड जोडले तर कार्डाने बनवलेली निम्मी चित्रे दिसणारच नाहीत. पहिल्या पीसीसाठी फुल एचडी आणि १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न गेमचा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांना प्रोसेसरचा वेग लागतो, साधारण कार्डावरही ते छान चालतात. सायबरपंक २०७७ सारखा गेम मात्र कार्डाचा घाम काढतो. 'जीटीए-६ साठी पीसी घ्यायचाय' असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी एक ध्यानात घ्यावे: हा गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झालेला आहे. जीटीए-५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर थेट एप्रिल २०१५ मध्ये. जो गेम पीसीवर आलेलाच नाही, त्याच्या नावाने आज जास्तीचे पैसे का मोजायचे?

ग्राफिक कार्डाला किती द्यायचे?

मॉनिटर सोडून जे बजेट उरेल, त्यातले ३५ ते ४० टक्के. यापेक्षा कमी दिले तर तो गेमिंग पीसी राहत नाही. निवडताना नावाबरोबर मेमरीही वाचा. २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचेही तसेच. खोक्यावर नाव एकच. फुल एचडीवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला ८ जीबी पुरतात. मोठे, कथानकाचे गेम पाच वर्षे खेळायचे असतील तर मात्र ८ जीबीचे कार्ड टाळावे, कारण मेमरी भरली की गेम मधेच अडखळू लागतो आणि कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी आहेत. आपल्याकडे त्या नावाला अजून बिचकतात, पण विचार जरूर व्हावा.

एसएमपीएसचे एवढे काय?

कॅबिनेटबरोबर '४५० वॅटचा एसएमपीएस फ्री' मिळतो आणि इथेच घात होतो. हा डबा भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला पुरवतो. बाकी कुठलाही भाग बिघडला तर बहुधा तो एकटाच जातो. एसएमपीएस वाईट तऱ्हेने गेला तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डालाही सोबत नेऊ शकतो.

त्याच्या बाजूचा कागद वाचायला शिका. आजचा गेमिंग पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतो. कागदावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट. वर ४५० लिहिले असले तरी कामाचे तेवढेच.

आता मागणी बघू. आरटीएक्स ५०६० साठी १४५ वॅट. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणतात, पण भार आल्यावर तो ७६ पर्यंत घेतो. पंखे, एसएसडी, मदरबोर्ड धरून बेरीज तीनशेच्या आत राहते. पण कार्ड काही क्षणांसाठी एकदम जास्त ओढते आणि पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत कुठलाच डबा पूर्ण ताकदीने फार काळ टिकत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्यावा. ८५० वॅटचा घ्यायलाच हवा असे सांगणाऱ्या मित्राचेही ऐकू नका.

'८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का असेल तर उत्तम, पण त्याचा अर्थ समजून घ्या. वीज किती वाया जात नाही, एवढेच तो सांगतो. शॉर्ट सर्किट झाले किंवा व्होल्टेज वाढले तर डबा स्वतःला बंद करील का, याची हमी त्यात नाही. त्यासाठी त्या मॉडेलची तपासणी कोणी केली आहे का ते शोधावे लागते.

आणि हे सगळे करूनही घरातल्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दुकानदाराला नव्हे, वायरमनला बोलवा. पावसाळ्यात लाइट ये-जा करते त्या भागांत यूपीएसही लागतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना तो तुम्हाला खेळत ठेवणार नाही; पीसी नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळतील, तेवढे पुरे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड कोणता?

सहा कोअरचा कोणताही ताजा प्रोसेसर पहिल्या पीसीला पुरतो. प्रश्न सॉकेटचा आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायॉस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि २०२४ मध्ये नवा आला. ज्याला चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा आहे, त्याने एएमडीच्या एएम५ कडे पाहावे. मात्र त्यावर फक्त डीडीआर५ रॅम बसते. इंटेलचे बी७६० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, एका प्रकारात दुसरी रॅम बसत नाही, म्हणून कोटेशनमध्ये डीडीआर४ की डीडीआर५ हे लिहूनच घ्या.

रॅम महागली, आता काय?

जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या चिपवर चालते आणि एआयच्या डेटा सेंटरची मागणी आधी पुरवणे या तिघींच्याही फायद्याचे आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करत असल्याचे जाहीर केले. किमती चढल्या आहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा कुठलाही व्हिडीओ बघून केलेला हिशेब आता चुकणारच. अशा वेळी ३२ जीबीचा हट्ट सोडावा, १६ जीबी घ्यावी. पण एक १६ ची स्टिक नको, ८-८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी माहिती वाहते तेव्हा गेमला फरक पडतो. घरातल्या जुन्या पीसीत चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर एएम४ चा जुना मार्ग आज शहाणपणाचा ठरतो. पैसे कमी पडले तर आधी दिव्यांचे पंखे काढा, मग काचेचे कॅबिनेट.

बिलाशिवाय घेतले तर?

'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल' हे वाक्य कानावर येतेच. १८ टक्के म्हणजे साठ हजारांवर जवळपास अकरा हजार, मोह होणारच. पण कार्ड आणि प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, ती मागायला गेल्यावर बिल विचारले जाते. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल क्रमांक लिहून घ्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून पाहा. गर्दीच्या दिवशी दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

घरी आणल्यावर दोन गोष्टी. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करा. त्याशिवाय वेगवान रॅम घेऊनही ती मूळच्या कमी वेगानेच चालते. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नको, ग्राफिक कार्डाला लावा. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, तर मदरबोर्डच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिकची सोय असेल तर चित्र दिसेल, गेमही सुरू होईल, पण महागडे कार्ड नुसते बसून राहील.