पुढचा ब्रेक दाबून पाहिलात का?

गेल्या महिन्यात पंधरा वर्षं भरलेली एक मोटरसायकल घेऊन फेरनोंदणीच्या तपासणीला गेलो होतो. फॉर्म २५ भरलेला, १,००० रुपये शुल्क भरलेलं, गाडी आमच्याच गॅरेजात तयार झालेली. रांगेत पुढे पाच गाड्या. निरीक्षक एकेकीचा चेसिस नंबर पाहायचे, हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर वाजवून-लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "ब्रेक मारा." स्वार पायाचा ब्रेक दाबायचा, मागे लाल लाइट लागायची, की पुढची गाडी.

आमच्या अगदी पुढच्या गाडीच्या हँडलकडे सहज नजर गेली. उजव्या लिव्हरखाली स्विचच्या दोन्ही वायरी उपसून काढलेल्या होत्या आणि काळी टेप गुंडाळून क्लॅम्पला बांधून ठेवल्या होत्या. ती गाडी पास झाली. त्याच रांगेतली दुसरी एक गाडी साडीगार्ड नाही म्हणून परत गेली. साडीगार्डला माझा विरोध नाही. नियम १२३ आहे आणि तो योग्यच आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०२ क्रमांकाचा नियमही तिथेच आहे. मोटरसायकलची स्टॉप लाइट पुढच्या किंवा मागच्या, कोणत्याही ब्रेकचा कंट्रोल चालवला तरी लागली पाहिजे, असं तो स्पष्ट सांगतो. मी हे निरीक्षकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "लाइट लागतेय ना? मग झालं तर."

नाही, झालेलं नाही. उजवा लिव्हर दाबायला दोन सेकंद लागतात. ज्या तपासणीसाठी माणूस दिवसाचा खाडा करून येतो, तिथे हे दोन सेकंद मिळत नसतील तर ती तपासणी कशाची आहे, हे परिवहन खात्याने सांगावं.

पण मला आज खात्यापेक्षा आपल्या मेकॅनिक मंडळींशी जास्त बोलायचं आहे. त्या वायरी निरीक्षकांनी उपसलेल्या नव्हत्या. त्या आपल्यापैकीच कुणीतरी उपसल्या होत्या.

हे कसं घडतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक येतं, "ब्रेक लाइट सारखी चालूच राहते, बॅटरी उतरते." मेकॅनिक लिव्हर हलवून पाहतो, स्विचचा प्लंजर चिखलाने अडकलेला असतो. स्विच स्टॉकमध्ये नसतो, गिऱ्हाइकाला कामावर जायची घाई असते. वायरी ओढल्या, टेप मारली, लाइट विझली, पायाने लागतेय, जा. पुढच्या सर्व्हिसला कुणी ती टेप उघडून पाहत नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात जाते, तिसऱ्याच्या हातात जाते, टेप तशीच राहते. स्कूटरचा प्रकार तर याहून वाईट. तिथे सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, म्हणून दोन वायरी पिळून डायरेक्ट जोडून टाकणारेही आहेत. मग लाइट कायमची चालू, आणि ब्रेक न दाबता सेल्फ मारला की गाडी पुढे उडी घेऊ शकते. घरातलं लहान मूल उभ्या स्कूटरवर बसून चावी फिरवतं, बटण दाबतं, हे डोळ्यांपुढे आणा.

आज स्वार कोणता ब्रेक जास्त वापरतो? पुढे डिस्क आल्यापासून हाताचा. सिग्नलला गाडी सरकवत नेताना उजवा पाय जमिनीवर असतो आणि ब्रेक बोटांत. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना बोटं सतत लिव्हरवर असतात. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, खरी पकड पुढच्या चाकाला मिळते, म्हणून सावध स्वार तोच ब्रेक मारतो. म्हणजे जो नीट ब्रेक मारतो, त्याचीच लाइट लागत नाही. साठच्या वेगाने मागून येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे येते. तो एक सेकंद आपण त्या टेपखाली बांधून ठेवतो.

वाचकांच्या पत्रांत आणखी एक तक्रार सारखी दिसते. बल्ब नवा टाकला तरी लाइट लागत नाही किंवा मिणमिणते, बल्बच डुप्लिकेट येतात. बल्ब वाईट येतात, मान्य आहे. पण त्याआधी होल्डर उघडून पाहिलात का? पावसाळ्यानंतर होल्डरमध्ये हिरवट-पांढरी पूड साचलेली असते. २१ वॅटचा फिलामेंट १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढतो. वाटेत गंजाचा दोन ओहमचा जरी अडथळा असला तरी बल्बला जेमतेम नऊ व्होल्ट पोचतात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. मल्टिमीटर मात्र बल्ब काढून लावला तर पूर्ण १२ दाखवतो, कारण तेव्हा लोडच नसतो. मग मेकॅनिक म्हणतो, करंट येतोय, बल्बच खराब. बल्ब होल्डरमध्ये ठेवून, ब्रेक दाबून मोजा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या बॉडीला लावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये आहे. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट मंद होत असेल किंवा इंडिकेटर मंद पेटत असतील तर मीटरचीही गरज नाही, अर्थचा बोल्ट खोला, घासा, घट्ट करा.

मागच्या महिन्यात आमच्याकडे आलेली एक गाडी सांगतो. दोन गॅरेजांतून फिरून आलेली, तीन बल्ब बदललेले, मागचा स्विच नवा. उभी असताना लाइट लागायची, रस्त्यावर लागायची नाही. माझ्या पोऱ्याने लिव्हर दाबून ठेवला आणि हँडल डावीकडे फिरवलं. लाइट गेली. उजवीकडे आणलं, आली. कोनसेटजवळ हार्नेस वळतो तिथे कव्हर धड होतं आणि आतली तांब्याची तार एकाच धाग्यावर तग धरून होती. वीतभर वायर, सोल्डर, स्लीव्ह, काम संपलं. त्याने हँडल फिरवलं नसतं तर चौथा बल्ब पडला असता.

मागच्या स्विचबद्दल एवढंच. ड्रमचे लायनर बदलले किंवा रॉड ॲडजस्ट केला की पेडलचा प्ले बदलतो, स्विचही पुन्हा लावावा लागतो. नट फिरवा, बॉडी फिरवू नका. बॉडी फिरली की खालच्या वायरी पिळून तुटतात. पेडलचा मोकळा प्ले संपता संपता, लायनर धरायच्या आधी, लाइट लागली पाहिजे.

आता सरळ विनंती. या महिन्यापासून तुमच्या गॅरेजातून एकही गाडी दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. ऑइल बदलायला आलेली असो की पंक्चरला. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पुढचा, मग पायाचा. लिव्हरखाली काळी टेप दिसली तर उघडा, मग ती कुणीही मारलेली असो. स्विच स्टॉकमध्ये ठेवा, तो काही महाग माल नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर प्लंजर साफ करून तात्पुरता चालता करा, पण वायरी उपसून गाडी सोडू नका. आणि हे काम हेल्परला पहिल्याच आठवड्यात शिकवा, कार्बोरेटरच्या आधी.

परिवहन खात्याकडे मागणी एकच आहे. तपासणीच्या वेळी ब्रेक लाइटची नोंद एकदा न करता दोनदा करावी, हाताच्या ब्रेकने आणि पायाच्या ब्रेकने. हे लेखी निवेदन या अंकाबरोबर पाठवत आहोत. ज्या गावांत मेकॅनिक संघटना आहेत त्यांनी आपापल्या परिवहन कार्यालयात ते सहीनिशी द्यावं आणि पोच घ्यावी. पोचेची प्रत पंधरा तारखेच्या आत आमच्याकडे पाठवा. कुठल्या कार्यालयाने निवेदन घ्यायला नकार दिला, तेही कळवा.