दहावा माणूस

आमच्या कचेरीत एक बेने इस्रायली सहकारी होते. शेजारच्या टेबलावर बसून आम्ही वर्षानुवर्षे खतावण्या जुळवल्या. घरी बोलणे मराठीच. त्यांच्या मुलाला तेरा वर्षे पूर्ण होणार होती, तेव्हा ‘बार मिट्झवा’ची तयारी आम्ही जवळून पाहिली.

आम्हाला वाटले, वाढदिवसाचाच मोठा थाट असेल. पण तसे नव्हते. ज्यू धर्मात मुलगा तेरा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की धर्माज्ञांना स्वतः जबाबदार होतात. समारंभ करा अगर न करा, जबाबदारी येतेच. समारंभात मुलाने सर्वांसमोर तोरा वाचायचा, एवढेच.

‘एवढेच’ म्हणणे सोपे! तोराची गुंडाळी हाताने लिहिलेली असते. तीत स्वरचिन्हे नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. मराठीत काना-मात्रा गाळल्या तर ‘कर’, ‘केर’ की ‘कोरा’, कसे ओळखावे? म्हणून छापील पुस्तकावरून महिनोन्महिने उच्चार आणि चाल घोटायची. चर्मपत्राला बोट लावायचे नाही. ‘याद’ नावाच्या दांडीने ओळ दाखवायची. चुकले तर ऐकणारे तिथल्या तिथे सुधारतात.

मुलाचा आवाज नेमका तेव्हाच फुटत होता. रोज रात्री कॅसेट लावून सराव चाले. एके दिवशी तो रडवेला होऊन म्हणाला, “बाबा, मला नाही जमणार. सगळे हसतील.”

सहकारी म्हणाले, “हसू देत. त्या दिवसापासून तू मोजला जाशील.”

त्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. बेने इस्रायलांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले, ठाण्यातले १८७९ साली. १९४८ नंतर हजारो लोक इस्रायलला गेले आणि कोकणातल्या कित्येक गावी दहा माणसे जमेनात. तिथे तेरा वर्षांचा पोरगा दहावा माणूस ठरतो.

पण घरात दहा वर्षांची बहीणही होती. ऐकून ऐकून तिचे सारे पाठ झालेले. भाऊ अडला की ती आतून शब्द सांगे. तिने विचारले, “मला कधी मोजणार?” बाप गप्प, आम्हीही गप्प. परंपरानिष्ठ सिनेगॉगात बायकांना त्या दहांत धरत नाहीत.

न्यूयॉर्कला मात्र १९२२ साली मोर्डेकाय कॅप्लन या रब्बींनी आपल्या बारा वर्षांच्या ज्युडिथला वाचायला उभे केले. तेही गुंडाळीवरून नव्हे, छापील पुस्तकातून. आज सुधारणावादी सिनेगॉगांत मुली गुंडाळीवरून वाचतात आणि दहांत मोजल्याही जातात.

मुलगा वाचला. आवाज दोनदा चिरकला, एक शब्द सुधारावा लागला. कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी घरी मलिदा झाला. गोड पोहे, खोबरे, फळे आम्ही पोटभर खाल्ली. पण बहिणीचा प्रश्न काही पचला नाही.

पालकांनो, मुलांच्या समारंभाला मंडप किती, जेवणावळ किती, हा हिशेब आपण चोख ठेवतो. चारचौघांत उभे राहून वाचायला त्यांना किती दिवस शिकवले, तेही वहीत मांडा. आणि मोजदाद करताना मुलीला गाळू नका. बेरीज चुकते.