मुरब्याची खाडी आणि पदवीचा वर्ग

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ती वाटणी होती. पुढे विद्यापीठाने पदव्युत्तर विभाग उभारले, पण पदवीचा विद्यार्थी परीक्षार्थीच राहिला. मॅकॉलेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या समाजानेही ही रचना स्वातंत्र्यानंतर निमूटपणे चालू ठेवली. 2017 मध्ये उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीत निकाल रखडले, तेव्हा केवढा गहजब झाला! वर्गात काय शिकविले जाते, याविषयी मात्र तसा गहजब कधी झाल्याचे स्मरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली. मुख्य विषयाबरोबर कौशल्य, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक मिळाले. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र त्याची कसोटी फोर्टच्या इमारतीत लागणार नाही, ती पालघर जिल्ह्यातील मुरब्यासारख्या गावात लागेल.

मुरबे हे खाडीमुखाशी वसलेले मच्छिमारांचे गाव. पलीकडे सातपाटी, तर उत्तरेकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आणि 1969 पासून वीज देणारे अणुविद्युत केंद्र. येथील तरुण पदवीसाठी बोईसर वा पालघर गाठतो. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरले, तर दोन श्रेयांकांच्या क्षेत्रप्रकल्पाचे 60 तास होतात. हे तास तो कोठे घालविणार? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प बांधून घेण्यात, की बापाच्या होडीवर?

विषयांची येथे वाण नाही. पापलेट 2023 मध्ये राज्यमासा घोषित झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले. जाळ्यात आलेल्या पापलेटांपैकी किती त्याहून लहान, हे मोजायला फूटपट्टी, वही आणि चिकाटी एवढेच लागते. सांख्यिकी शिकणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता? मुरबे येथे बंदर प्रस्तावित आहे आणि मच्छिमारांचा त्याला विरोध आहे. विकास हवा, हे मान्य. तरीही बाजू घेण्यापूर्वी मासळीची आवक आणि खाडीतील गाळ यांच्या नोंदी गावातल्याच पदवीधराच्या वहीत असाव्यात. त्या असतील तर सुनावणीत गावाला केवळ घोषणांवर विसंबावे लागणार नाही.

भारतीय ज्ञानपरंपरा म्हणजे केवळ ग्रंथ नव्हेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे गणित कोळी तिथीवरून मांडतो. त्याच गणिताचे भौतिकशास्त्र, चंद्र-सूर्याचे आकर्षण, वर्गात शिकविले जाते. या दोहोंची गाठ घालून देणारा अध्यापक हवा. आणि घोडे येथेच पेंड खाते. तासिका तत्त्वावर नेमलेला, दोन-तीन महाविद्यालयांत धावणारा अध्यापक विद्यार्थ्याबरोबर पहाटे बंदरावर कसा जाणार? रिक्त पदे न भरता श्रेयांकांचे तक्ते वाढविले, तर वाढतील ते केवळ कागद. त्याचा दोष अध्यापकांवर ढकलण्याची सोयीस्कर प्रथा सरकारने सोडावी.

पालघरच्या महाविद्यालयाला नाव आहे सोनोपंत दांडेकरांचे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि तितकेच निष्ठावंत वारकरी होते. वर्गातली विद्या आणि फडावरचे कीर्तन यांत त्यांनी भिंत उभी केली नाही.

विद्यापीठाला एक गोष्ट मात्र आजच करता येईल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि नवे शैक्षणिक वर्षही याच सुमारास सुरू होते. हंगाम उघडतो ऑगस्टमध्ये. मुरब्यातील विद्यार्थ्याचे 60 तास केव्हा मोजायचे, हे त्याच्या महाविद्यालयाला ठरवू द्यावे. त्यासाठी एक साधे परिपत्रक पुरे.