शुद्धतेचे सोवळे आणि विजेची उधळपट्टी

खडेबाजारातील कोणत्याही औषधांच्या दुकानात जाऊन रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी घ्यावी आणि तिच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळदा तेथे 'वेर्णा, गोवा' हे शब्द आढळतात. आमच्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींस हे नाव वाचताच निराळीच आठवण होते. आज फोंडे महालात म्हार्दोळ येथे विराजमान असलेल्या श्रीम्हाळसेचे मूळ स्थान वेर्णे हेच होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळापायी देवीला तेथून हलवावे लागले. ज्या गावातून आमच्या पूर्वजांनी साश्रु नयनांनी देवी नेली, त्याच गावाच्या पठारावर आज गोव्यातील एक मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे आणि देशोदेशींच्या रोग्यांस लागणारी औषधे तेथे तयार होत आहेत. याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु अभिमान म्हणजे डोळे मिटण्याचा परवाना नव्हे.

आमचा एक भाचा औषधांच्या एका कारखान्यात यंत्रविभाग सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात तो बेळगावी आला असता आम्ही त्यास सहज विचारले, "अरे, तुमच्या कारखान्यात सर्वांत अधिक वीज कशाला लागते? गोळ्या दाबणाऱ्या यंत्रांना काय?" तो हसला आणि घरच्या कोंकणीत म्हणाला, "ना मामा. वारें फुकट मेळना!" वारा फुकट मिळत नाही, या त्याच्या तीन शब्दांत या लेखाचा सारा विषय सामावलेला आहे.

औषधे जेथे तयार होतात ती दालने स्वच्छ ठेवण्यासाठी तेथील हवा गाळून, गार करून, कोरडी करून पुनःपुन्हा आत सोडावी लागते. गाळण्या दाट असतात, म्हणून पंखे बलवान लागतात. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने औषधी उद्योगासाठी जी मार्गदर्शिका तयार केली, तीत कारखान्याच्या एकूण ऊर्जेपैकी सरासरी सुमारे ६५ टक्के ऊर्जा या हवेच्या व्यवस्थेवरच खर्च होते असे दाखविले आहे. आमच्या कोंकणात तर याहून विचित्र प्रकार घडतो. पावसाळ्यातील दमट हवेतील पाणी काढण्यासाठी ती आधी अतिशय गारठवावी लागते, आणि मग ती माणसांस व मालास सोसावी म्हणून पुन्हा तापवावी लागते. एकाच हवेला थंडीही द्यावयाची आणि ऊबही द्यावयाची, व दोहोंचे मोल मोजावयाचे!

हे सर्व अनावश्यक आहे, असे आम्ही म्हणत नाही. शिरेतून टोचावयाचे औषध जेथे भरले जाते, तेथे हवेची कडक शुद्धता हवीच. आमचा आक्षेप निराळा आहे. हवा किती वेळा पालटावी, याचा आकडा पुष्कळ ठिकाणी गरज मोजून ठरविलेला नसतो. कोणे एके काळी कोणी एक आकडा लिहिला, पुढच्याने तो उतरून घेतला, त्यापुढच्याने 'असू द्यावे थोडे अधिक' म्हणून त्यात भर घातली, आणि आज तो आकडा वेदवाक्य होऊन बसला आहे. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात ताशी ६ ते २० हवापालट असा विस्तृत पल्ला सांगितला आहे. निर्जंतुक औषधांसंबंधी युरोपीय संघाचे जे नियम २०२२ साली सुधारण्यात आले, त्यांत ताशी अमुकच पालट असा आकडा नाही. दालनात काम थांबल्यावर हवा २० मिनिटांच्या आत पुन्हा स्वच्छ व्हावी, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे नियम परिणाम विचारतो, आणि आम्ही त्याला संख्या दाखवितो.

आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नाही. सोवळ्याचे मर्म विसरून सोवळ्याची मोजदाद करणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. तीन वेळा स्नान करणाऱ्याने पाच वेळा करणाऱ्यापुढे मान खाली घालावी, आणि मन शुद्ध आहे की नाही हे कोणीच विचारू नये, असा तो काळ होता. आमच्या सुधारकांनी त्या आंधळ्या मोजदादीवर कोरडे ओढले. आज तेच आंधळे सोवळे पांढरा अंगरखा घालून कारखान्यात शिरले आहे आणि आपण त्यास शास्त्र म्हणून नमस्कार करीत आहोत!

या मोजदादीची किंमत केवढी, ते पाहावे. पंख्याचा एक साधा नियम आहे. हवेचा प्रवाह पाचव्या हिश्श्याने कमी केला, तर पंख्यास लागणारी शक्ती पाचव्या हिश्श्याने नव्हे, जवळजवळ निम्म्याने उतरते, कारण शक्ती ही प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. शंभरातून वीस वजा केले असता पन्नासच्या आसपास उरावे, असा हा लाभाचा हिशोब आहे. रात्री, सुटीच्या दिवशी, दालनात माणूस नसता व माल उघडा नसता, खोल्याखोल्यांतील दाबाचा फरक कायम राखून पंख्यांचा वेग उतरविता येतो. देवळाची दीपमाळ आपण उत्सवाच्या रात्री पाजळतो. ती बारा महिने रात्रंदिवस जळत ठेवणे म्हणजे अधिक भक्ती, असे म्हणणारा पुजारी आपण ठेवू काय?

आता यावर येणारे आक्षेप. पहिला आक्षेप असा की, तपासनीस ऐकणार नाहीत, सबब हात लावू नये. कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१९ साली जगातील मोठ्या औषध-कंपन्यांच्या २०१५ सालच्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहा लक्ष डॉलर उत्पन्नामागे औषधी उद्योग ४८.५५ टन कार्बन वायू हवेत सोडतो, आणि हे प्रमाण मोटारी बनविणाऱ्या उद्योगाहून ५५ टक्क्यांनी अधिक आहे, असे त्यांस आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कंपनीकंपनीत साडेपाच पटींपर्यंत अंतर निघाले. तपासनीस त्याच पठडीतले, रोगी तेच, बाजार तोच, आणि अंतर साडेपाच पटींचे! मग अडचण नियमाची आहे की इच्छेची, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. औषध म्हणजे जीवदान, तेथे विजेचा हिशोब काय करावयाचा? २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने कोवळी बालके दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. ती बालके पंखे कमी फिरल्यामुळे दगावली नाहीत. बाटलीत काय भरले जात आहे याची परीक्षा कोणी नीट केली नाही, म्हणून दगावली. शुद्धता परीक्षेने येते, उधळपट्टीने येत नाही. जो कारखाना विजेवर वायफळ खर्च वाचवील, त्याच्याजवळ परीक्षेसाठी अधिकच पैसा उरेल.

तिसरा आक्षेप असा की, गोव्यातील कारखान्यांच्या धुराड्यांतून असा कितीसा धूर निघतो? निघत नसेल, परंतु धूर दुसऱ्याच्या दारी सोडला म्हणून तो आपला नव्हे असे होत नाही. गोव्याला लागणारी वीज बहुतांशी बाहेरून येते, आणि तिचा मोठा भाग कोरबा, विंध्याचल यांसारख्या कोळशावरील केंद्रांतून येतो. देशाच्या विद्युत्-जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन वायू हवेत जातो. म्हणजे वेर्ण्याच्या पठारावर रात्री रिकाम्या दालनात पंखा फिरतो, तेव्हा छत्तीसगडातील कोणाच्या तरी अंगणात राख पडते.

आणि ती वीज आणावयाची कशी? ज्यांनी खानापूर, लोंढा, अनमोड घाट करीत देवदर्शनास गोव्याचा प्रवास केला आहे, त्यांस मोल्याचे अरण्य ठाऊक आहे. त्याच अरण्याच्या कुशीत तांबडी सुर्ल येथे कदंबकालीन महादेवाचे देऊळ उभे आहे. धारवाडजवळील नरेंद्र येथून गोव्यातील शेल्डे येथपर्यंत ४०० केव्हीची नवी वीजवाहिनी या भागातील जंगलांतून नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०२० साली गोव्यातील तरुण मंडळी मोल्याच्या रक्षणार्थ उभी राहिली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या २२० केव्ही वाहिनीच्याच मार्गाचा उपयोग करावा, या बाजूने निर्णय दिला. त्या तरुणांचे अभिनंदन. परंतु विजेची भूक अशीच वाढत राहिली तर एक वाहिनी टळेल आणि दुसरी येईल. अरण्य वाचवावयाचे असेल तर भूक आवरली पाहिजे, आणि भूक आवरण्याची जागा कारखान्याच्या भिंतींच्या आत आहे.

खेदाची गोष्ट ही की, सरकारनेही येथे ढिलाई दाखविली. ऊर्जा-बचतीची उद्दिष्टे बंधनकारक करणारी योजना केंद्राने २०१२ साली सुरू केली, तेव्हा सिमेंट, पोलाद, खते, कागद, वस्त्रोद्योग आदी आठ उद्योग निवडले. औषधी उद्योग त्या आठांत नव्हता. ज्याच्यावर बंधन नाही, तो आपल्या सोयीने धर्म पाळतो. म्हणून पर्यावरणदिनी एक झाड लावावयाचे, छपरावर चार सौर फलक बसवून त्यांचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापावयाचे, आणि आतील पंखे पूर्ववत गरगरत ठेवावयाचे, असा शिरस्ता पडला आहे. सौर वीज स्वागतार्हच आहे, परंतु आधी फुटकी घागर सांधावी आणि मग विहिरीवर जावे, हे आपल्या घरातील बायकांना कळते ते कारखान्याच्या संचालकांस का कळू नये?

सबब आमचे मागणे अगदी साधे आहे. प्रत्येक औषध-कारखान्याने लाख गोळ्यांमागे किती युनिटे वीज लागली, हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा. प्रत्येक दालनातील हवापालट कणांची मोजणी करून ठरवावी, जुन्या कागदावरून उतरून घेऊ नये. काम नसता पंखे मंदावावेत. हवा कोरडी केल्यावर ती तापविण्यासाठी निराळी वाफ किंवा वीज जाळण्याऐवजी शीतयंत्रे व हवादाबयंत्रे जी उष्णता बाहेर फेकतात, तीच वापरावी. दाबाच्या हवेच्या नळ्यांतील गळत्या महिन्याच्या महिन्यास शोधाव्यात. यांत एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी नवा शोध लागावयाचा आहे.

आणि हे मागणे करावयाचे कोणी? ते आपणच करावयाचे आहे. आपल्या देवस्थानांच्या महाजनांत उद्योगपती आहेत, अभियंते आहेत, अशा कंपन्यांचे भाग घेतलेले पेन्शनर तर घरोघर आहेत. देवळाच्या जमाखर्चात तेलाच्या एका डब्याचा हिशोब लागला नाही, तर वार्षिक सभेत आपण कमिटीस उभे करून जाब विचारतो. तोच जाब कंपनीच्या वार्षिक सभेत विचारावयास आपली जीभ का अडखळावी? एका भागधारकाने उठून 'लाख गोळ्यांमागे युनिटे किती?' एवढे विचारले, तरी पुढील वर्षी तो आकडा कोणाला तरी मोजावा लागेल.

म्हाळसेचे मूळ गाव आज औषधांचे गाव झाले आहे. ज्या पठारावरून जगाला आरोग्य जाते, त्या पठारासाठी दुसऱ्यांचे अरण्य व दुसऱ्यांचा श्वास जळू नये, एवढेच आपण पाहावयाचे आहे. पुढच्या वेळी खडेबाजारात गोळ्यांची पट्टी हातात घेताना वाचकांनी तिच्या पाठीवरील गावाचे नाव अवश्य वाचावे, आणि त्या गोळीवर न छापलेला तो एक आकडा मागितल्याशिवाय स्वस्थ बसू नये.