रॉबर्ट निकोलचा पगार

रॉबर्ट निकोल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसणार. शेफिल्डचा कवी एबेनेझर एलियट याने त्याला ‘स्कॉटलंडचा दुसरा बर्न्स’ म्हटलं, म्हणजे थेट स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या पंक्तीत बसवलं, आणि तेवढ्या एका बिरुदावर तो साहित्याच्या इतिहासात उरला. माझी उभी हयात उपसंपादकाच्या टेबलाशी गेली. त्यामुळे असेल, पण मला हा माणूस कवीपेक्षा वर्तमानपत्रातला नोकर म्हणून अधिक जवळचा वाटतो, आणि त्याची ती बाजू कुणी नीट सांगत नाही याचं वाईट वाटतं.

जन्म 1814 चा, पर्थशायरमधल्या ऑक्टरगेव्हन परगण्यातला. बाप शेतकरी. तो नात्यातल्या माणसाला जामीन राहिला आणि बुडाला. शेत गेलं, घर मजुरीवर आलं. जामीन राहणं म्हणजे काय, हे मराठी शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. रॉबर्ट नवव्या वर्षी गुरं राखायला लागला. उन्हाळ्यात मिळालेल्या मजुरीतून हिवाळ्यातली शाळेची फी भरायची, असं त्याचं शिक्षण. पुढे पर्थमध्ये किराणा दुकानात उमेदवारी केली. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दुकान, म्हणून व्याकरणाचा अभ्यास पहाटे. डंडीत त्याने भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय काढलं, त्यासाठी आईने 20 पौंड उभे करून दिले. 1835 मध्ये तिथेच पहिला कवितासंग्रह आला. गरिबांच्या घरातली माणसं त्यांच्याच स्कॉट्स बोलीत त्या कवितांमध्ये आली.

पण पोट कवितेवर भरेना. 1836 मध्ये तो इंग्लंडमधल्या ‘लीड्स टाइम्स’ या साप्ताहिकाचा संपादक झाला, पगार वर्षाला 100 पौंड. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवरचा मुद्रांक कर चार पेन्सवरून एका पेनीवर आणला. जे पत्र कामगाराला परवडत नव्हतं ते त्याच्या हातात येऊ लागलं. 1832 च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मत दिलं, कामगाराला वगळलं. निकोल त्या वगळलेल्यांच्या बाजूने लिहीत राहिला. पत्राचा खप झपाट्याने वाढला. तरी पगारात भागेना, म्हणून शेफिल्डच्या एका पत्राचे अग्रलेखही तो लिहून देऊ लागला. 1837 च्या उन्हाळ्यात निवडणूक आली. जहाल उमेदवार सर विल्यम मोल्सवर्थ याच्यासाठी त्याने रात्रीचा दिवस केला. मोल्सवर्थ निवडून आला, निकोलने मात्र क्षयाने अंथरूण धरलं.

आई त्याला बघायला लीड्सला आली. तिच्याकडे प्रवासाचे पैसे असणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने विचारलं, एवढं भाडं आणलंस कुठून? तिने सांगितलं, कापणीला गेले होते. मुलगा इंग्लंडमधल्या खपाच्या पत्राचा संपादक, आणि त्याला भेटायला आईने दुसऱ्याच्या शेतात विळा चालवून भाडं जमवलं. निकोलच्या चरित्रात ही गोष्ट मातृप्रेमाचं उदाहरण म्हणून येते. मातृप्रेम आहेच, पण मला त्यात शंभर पौंडांचा हिशेबही दिसतो. ज्या पत्राला त्याने वाचक मिळवून दिले, त्याच्या कमाईतून आईच्या प्रवासाची सोय होऊ नये?

मोल्सवर्थने 50 पौंड पाठवले, पण फार उशिरा. निकोलला एडिंबरोजवळच्या ट्रिनिटीला हलवलं होतं. तिथे 7 डिसेंबर 1837 रोजी तो गेला. वय 23.

पुढच्याच वर्षी ‘लीड्स टाइम्स’च्या संपादकपदी सॅम्युएल स्माइल्स आला, स्वावलंबनाचे धडे देणारं ‘सेल्फ हेल्प’ लिहिणारा तोच. त्याने निकोलचं छोटं चरित्रही लिहिलं. या आयुष्याकडे जिद्दीची कहाणी म्हणून बघायची सवय आपल्यालाही आहे. मला ते मान्य नाही. निकोलची जिद्द खरी होती, पण त्याच्याकडून दोन माणसांचं काम एका माणसाच्या अपुऱ्या पगारात करून घेतलं गेलं आणि त्यात तो संपला.

आपल्याकडे तालुक्याचा बातमीदार आजही अनेकदा मानधनावर राबतो आणि घर चालवायला दुकान किंवा शेती बघतो. त्याच्या नावाचं कौतुक होतं, त्याला मिळतं किती हे कुणी विचारत नाही. तुमच्या गावची बातमी रोज देणाऱ्या माणसाला महिन्याकाठी काय मिळतं, हे वाचकांनो, एकदा त्याला विचारा, आणि मग त्याच्या मालकालाही विचारा.